कापूर किती घालायचा

३ फेब्रुवारी

मीच! दुसरं कोण असणार?

संग्रहालयातल्या बाई सकाळीच घरी आल्या. पूर्वी घरोघरी औषधं कशी करत, ते लोकांसमोर करून दाखवायचंय. खरी शेगडी, खरी भांडी. कुणालाही विचारलं तरी बोट माझ्याच दाराकडे दाखवतात म्हणे. दाखवणारच! बाबांच्या औषधांच्या दुकानामागच्या खोलीत मी लहानाची मोठी झालेय.

पंधरा तारखेच्या रविवारी कार्यक्रम. आधी एकदा त्या घरी येऊन बघणार, आणि मनासारखं झालं नाही तर तयार फिल्म लावणार. बाबांच्या मलमाच्या जागी फिल्म! माझ्या जिवात जीव असेपर्यंत तरी नाही.

बाईंना प्रमाण लिहून हवं होतं. म्हटलं, प्रमाण नाकात असतं. त्या हसल्या. मी नाही हसले.

५ फेब्रुवारी

कांद्याचा पाक लावला. कांद्याच्या चकत्या, वर मध, पुन्हा चकत्या. झाकून ठेवायचं, हलवायचं नाही. उद्यापर्यंत कांदा आपणहून पाणी सोडतो. खोकल्यासाठी चमचा चमचा द्यायचं ते हेच.

धाकटीची लुडबुड चालूच. वर्षभर माझ्याकडेच आहे. सुनेशी पटत नाही म्हणून आली. मी म्हटलं, राहा, थोरल्या बहिणीचं घर असतं कशाला? पण स्वयंपाकघराबाहेर पाऊल टाकेल तर शपथ! दूध आणलं की आधी ही हुंगणार. मी शेगडी बंद केली की मागून ही बटण बघणार. मी काय कुक्कुलं बाळ आहे? आणि त्या सुनेचा रोज फोन, दोघींचं खिदळणं. भांडणाची ही कुठली तऱ्हा, देव जाणे.

७ फेब्रुवारी

मोहरीचा लेप — फक्कड! मोहरीची पूड, दुप्पट पीठ, कोमट पाणी. उकळतं घातलं की मोहरीचा जोर मरतो. पातळ फडक्याच्या घडीत घालून छातीवर ठेवायचा आणि कातडी लाल झाली की लगेच काढायचा. दंडावर ठेवून पाहिला. लालबुंद!

९ फेब्रुवारी

आज बाई आल्या होत्या. मलम केलं. तेल गरम पाण्यात ठेवून तापवलं, त्यात मेण विरघळवलं, थंड चमच्यावर थेंब टाकून घट्टपणा पाहिला. सगळं बाबांसारखं. मग भांडं खाली उतरवून जरा निवू दिलं. कापूर शेवटी, नाहीतर हवेत उडून जातो.

कापराची बाबांची खूण अशी — भांडं हातभर लांब धरायचं. वास तिथून नाकापर्यंत आला की पुरे.

आलाच नाही. आणखी घातला. तरी नाही. पुन्हा घातला. हल्लीचा कापूर मेला भेसळीचा! धाकटी म्हणाली, "ताई, बास गं आता." म्हटलं, दुकानात तू बसायचीस की मी? (ती बाहेर सागरगोटे खेळत असायची.) तिचे डोळे वाहत होते. बाईंना ठसका लागला, त्या पदराने नाक दाबून बाहेर गेल्या आणि बाहेरूनच म्हणाल्या, "फिल्मची तयारी ठेवू का?"

नाजूक नाकं एकेकाची!

१० फेब्रुवारी

दुसऱ्या दुकानातून कापूर आणला. हाही तसलाच.

११ फेब्रुवारी

पायाला चोळायचं लसणीचं तेल ठेवलं होतं. मंद आचेवर. लसणीचा उग्र वास जाऊन गोडसर वास सुटला की उतरायचं. मी शेजारच्या खोलीत त्या वासाची वाट बघत कपड्यांच्या घड्या घालत बसले. खोलीत धूर आला तेव्हा उठले. धूर दिसला म्हणून! भांड्यात कोळसा झाला होता.

धाकटी बाजारातून आली, खिडक्या उघडल्या, भांडं भिजत घातलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी

ती अंघोळीला गेल्यावर कांदा चिरून नाकाशी धरला. डोळ्यांत पाणी आलं, वास नाही. कॉफीचा डबा. साबण. व्हिनेगर — नुसतं झोंबलं. बाबांचं मलम शेवटी उघडलं.

काहीच नाही.

खूप रडले. मग तोंड धुतलं. कापूर बिचारा चांगलाच होता.

१३ फेब्रुवारी

बाईंना फोन करून ‘नाही जमणार’ म्हणून सांगणार होते. नंबर लावला आणि ठेवून दिला. डोळे शाबूत आहेत, हात शाबूत आहेत. नाक उसनं घेता येईल की! धाकटीला म्हटलं, "रविवारी तू माझ्याशेजारी उभी राहा. वास आला की सांग." ती "बरं" म्हणाली. का, कशाला, काही विचारलं नाही. हिला प्रश्न पडत नाहीत हे एक बरंय.

१५ फेब्रुवारी

फिल्म गेली खड्ड्यात! खच्चून गर्दी होती. मी बोलत होते, घोटत होते, लोकांना हसवत होते. कापूर टाकताना भांडं धाकटीसमोर हातभर लांब धरलं. तिने मान डोलावली. तिथेच थांबले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डबी हुंगली आणि म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं हो." पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. मी लगेच हो म्हटलं.

१६ फेब्रुवारी

चहा पिताना धाकटीला सगळं सांगून टाकलं. ती कप खाली न ठेवता म्हणाली, "ठाऊक आहे गं. गेल्या वर्षी दोन दिवसांसाठी म्हणून आले होते ना, तेव्हा तुझी शेगडी न पेटताच चालू होती. घरभर गॅस! आणि तू तिथेच बसून पेपर वाचत होतीस."

मी विचारलं, "आणि सुनेशी भांडण?"

"कसलं भांडण? तिनेच माझे उरलेले कपडे भरून पाठवले."