पहिली दोन सोडून

५ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. ऑफिसच्याच लॅपटॉपवर, पण पासवर्ड लावून. वाचणारा मी एकटाच, तेव्हा शेखी मिरवायचं कारण नाही. जे आहे ते लिहायचं.

टीम लीडची खुर्ची रिकामी झाली. दावेदार दोन: मी आणि भिंग. भिंग म्हणजे माझ्या समोरच्या टेबलावर बसणारी, माझ्याहून बरीच लहान. सगळ्यांचा कोड तपासते आणि जिथे काही सापडत नाही तिथेही शोधत बसते. याआधी दोनदा लोक माझ्या डोक्यावरून पुढे गेले. आता नाही. साहेब एवढंच म्हणाले की एक्स-रे सेंटरचा डेमो होऊ दे, मग बघू. बोलण्याचा रोख माझ्याकडेच होता. बघत मात्र ते खिडकीबाहेर होते.

काम असं. सेंटरमध्ये रिसेप्शनला विंडोज, मशीनच्या खोलीत लिनक्स, डॉक्टरबाईंच्या टेबलावर मॅक. तिन्हीकडच्या फोल्डरांत शिरून आत कोणकोणते एक्स-रे आहेत त्याची यादी द्यायची. भिंगचं म्हणणं, यासाठी तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून तपासलेला कोड) मिळते, तीच घेऊ. मी म्हटलं, फोल्डर वाचायला कसली लायब्ररी? C भाषेत एक छोटं फंक्शन लिहितो, तिन्हीकडे चालेल. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. भिंगने विचारलं, मोजलीत का? सगळे हसले. मीही हसलो. मन मोठं हवं.

घरी बायकोला सांगितलं, लीड झालो. तिने विचारलं, झालास की होणार आहेस? मी म्हटलं, एकच.

६ ऑक्टोबर

काम जोरात. दुपारपर्यंत निम्मं.

लिनक्स आणि मॅकमध्ये आधी फोल्डरचं दार उघडायचं, मग आतल्या पाहुण्यांना, म्हणजे फायलींना, एकेक करून बोलवायचं. विंडोजमध्ये दार उघडताक्षणी पहिला पाहुणा अंगावरच येतो. हे आधी कळलं नाही, त्यामुळे माझी प्रत्येक यादी दुसऱ्या पाहुण्यापासून सुरू होत होती. सापडलं. दुरुस्त केलं. हे भिंगला सापडायच्या आधी सापडलं, हे विशेष.

संकल्प: रोज सकाळी चालायला जाणे. पोट आत असलेला लीड वेगळाच दिसतो.

७ ऑक्टोबर

चालायला गेलो नाही. डोकं कामात होतं.

आज खरी करामत. प्रत्येक फोल्डरच्या यादीत दोन पोकळ नावं असतात. एक टिंब, म्हणजे फोल्डर स्वतः. दोन टिंबं, म्हणजे त्याचा बाप, ज्याच्या पोटात तो आहे तो वरचा फोल्डर. ही दोन वगळायचीच असतात, नाहीतर प्रोग्राम पोराला सोडून बापाच्या घरात शिरतो. लोक काय करतात, तर प्रत्येक नाव तपासतात: हे टिंब आहे का, ही दोन टिंबं आहेत का. हजार फायली असल्या तर हजार वेळा. वेड्यांचा बाजार.

माझ्या लक्षात आलं की ही दोघं कायम सगळ्यात आधी येतात. मग तपासायचं कशाला? पहिली दोन सोडायची, तिसऱ्यापासून घ्यायचं. पाच फोल्डरांवर चालवून पाहिलं. पाचही बरोबर. पाचही विंडोजवर होते, पण शितावरून भाताची परीक्षा होते, त्यासाठी अख्खं पातेलं उपसायचं नसतं.

भिंगने कोड वाचला. म्हणाली, काका, मोजून सोडू नका, नाव बघून सोडा. ही दोन नावं आधी येतील अशी हमी कुठेच दिलेली नाही. (ऑफिसात मला काका म्हणतात. आदराने.) मी म्हटलं, एवढ्या वर्षांत मी त्यांना मधे आलेलं पाहिलेलं नाही. तिने विचारलं, लिनक्सवर चालवून पाहिलंत? मी म्हटलं, चालू आहे. चालू म्हणजे लॅपटॉप चालू होता.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेबांनी डेमो अलीकडे आणला. येत्या बुधवारी. डॉक्टरबाई नंतर परगावी जाणार आहेत. मी म्हटलं, आज ठेवलात तरी चालेल.

भिंगची मेल: लिनक्सवर चालवलंत का? उत्तर दिलं: कंपाईल झालं, एकही वॉर्निंग नाही. कंपाईल म्हणजे कोड नुसता मशीनच्या भाषेत उतरवणं, चालवणं नव्हे; आणि वॉर्निंग मी बंद करून ठेवल्या आहेत, लक्ष विचलित होतं.

लीड झाल्यावर करायचं भाषण लिहून काढलं. मग दोन ओळी वाढवून पुन्हा लिहिलं. लीड नाहीच केलं तर असावा म्हणून राजीनाम्याचा मसुदाही तयार ठेवला. वापरावा लागणार नाही. दाखवायला बरा.

१० ऑक्टोबर, शनिवार

घरी. बायको शाळेत गणित शिकवते. तिचा पेन ड्राईव्ह टेबलावर होता, आत प्रश्नपत्रिका. म्हटलं, घरचाच डेमो. फंक्शन चालवलं, यादी दाखवली, म्हटलं बघ, सगळी आली.

ती म्हणाली, दोन कमी आहेत. सातवीची आणि आठवीची.

मी म्हटलं, तू मोजायला चुकली असशील. गणिताच्या बाईला हे म्हणायला छाती लागते. तिने पेन ड्राईव्ह स्वतः उघडला आणि दोन्ही प्रश्नपत्रिका बोटाने दाखवल्या. होत्या. सगळ्यात वर. पेन ड्राईव्हच्या अगदी वरच्या पातळीवर टिंब आणि दोन टिंबं नसतातच की काय, असं क्षणभर मनात आलं. मग विचार केला, पेन ड्राईव्ह स्वस्तातला आहे.

तिने विचारलं, ते ऑफिसमध्ये चालेल ना नीट? मी म्हटलं, डेमो पेन ड्राईव्हवर नाही. ती म्हणाली, मी पेन ड्राईव्हचं नाही विचारलं. मग ती कपडे वाळत घालायला गेली आणि मी त्या यादीकडे बघत बसलो.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन. त्याला म्हणे कळलं की मी लीड झालो. अभिनंदन करत होता. मी थँक्यू म्हटलं. आता काय म्हणणार?

१२ ऑक्टोबर, सोमवार

भिंग टेबलाशी आली. म्हणाली, काका, दोन ओळींचा बदल आहे, मी करून देते, तुमच्याच नावावर राहू दे. सगळ्यांदेखत. म्हणजे उद्या लीड कोण हे ती आजच ठरवून आली. मी म्हटलं, गरज नाही. ती म्हणाली, बरं. तिचं ते ‘बरं’ दिवसभर कानात राहिलं.

खरं लिहायचं तर भीती वाटते. ही खुर्ची गेली तर पुढची येईपर्यंत मी पन्नाशी गाठलेली असेल, आणि तेव्हा तिच्यावर भिंगच्याही नंतर आलेला कोणीतरी बसेल. तेव्हा मला काकाच काय, आजोबा म्हणतील. पण भीती वाटली म्हणून कोड बदलणं याला इंजिनिअरिंग म्हणत नाहीत.

१३ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी

शेवटी लिनक्सवर चालवलं. नवा फोल्डर केला, तीन चित्रं टाकली. तिन्ही आली. सुटलो! उगाच इतके दिवस जीव टांगणीला.

अर्ध्या तासाने

दुसऱ्या एका फोल्डरवर चालवलं. यादी सुरू झाली ती थांबेचना. वर सरकत होती, भलतीच नावं येत होती. बंद केलं. लॅपटॉप खालून तापला होता. तेच कारण असणार. उद्या लॅपटॉप थंड ठेवायचा आणि पहिलाच फोल्डर दाखवायचा. तो चांगला आहे.

भिंग समोरच्या टेबलावरून बघत होती. मी अंगठा वर केला.

१४ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी

इस्त्रीचा शर्ट, पांढरा. बायकोने विचारलं, दोन ओळी बदलल्यास का? तिला दोन ओळींचं कोणी सांगितलं? मीच सांगितलं असणार, कुरकूर करताना. म्हटलं, डेमोच्या दिवशी कोडला हात लावत नसतात. दारातून निघताना तिने माझी कॉलर नीट केली. एरवी करत नाही.

१४ ऑक्टोबर. संध्याकाळी

क्रमाने लिहितो, म्हणजे दोष कुणाचा ते स्पष्ट होईल.

सेंटरची मागची खोली. प्रोजेक्टर, पडदा, डॉक्टरबाई, साहेब, भिंग, मी. विंडोज झालं, छान. मॅक झालं, छान. डॉक्टरबाई मान डोलवत होत्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे नाही. त्या क्षणी मी लीड होतो, हे कोणी नाकारू शकत नाही.

मग लिनक्स. माझा लॅपटॉप. मी तीन चित्रांचा फोल्डर काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा नको, आमचे कालचे एक्स-रे घ्या, ते बघायचे आहेत. त्यांनीच डिस्क दिली. नाही कसं म्हणणार? माझ्या घरच्या फोल्डरात, जिथे माझं सगळं असतं, तिथे एक नवा फोल्डर करून त्यात सगळे उतरवले. फंक्शन चालवलं.

नावं येऊ लागली. गुडघा, खांदा, मनगट. डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन मणके दिसत नाहीत. मी म्हटलं, येतील. मणके आले नाहीत. दोन टिंबं आली. मधेच, मनगटानंतर, कोणी बोलावलेलं नसताना. आणि माझा प्रोग्राम त्यांच्यामागून सरळ बापाच्या घरात शिरला, म्हणजे माझ्या.

पडद्यावर, हातभर उंच अक्षरांत:

लीड_भाषण
लीड_भाषण_अंतिम
लीड_भाषण_अंतिम_खरं
साहेबांना_न_कळणाऱ्या_गोष्टी
भिंगला_कसं_वागवावं
राजीनामा_मसुदा

मी पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याने नावं थांबली नाहीत, ती माझ्या पांढऱ्या शर्टावर उमटू लागली. आणि बापाच्या घरातून प्रोग्राम पुन्हा पोराच्या घरात, तिथून पुन्हा बापाच्या, त्यामुळे तीच यादी पुन्हा आली. आणि पुन्हा. डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं, हे पण एक्स-रे का? भिंग उठली आणि तिने कळ दाबून ते थांबवलं. एकटी तीच माझ्याकडे बघत नव्हती.

मग तिथेच बसून तिने दोन ओळी बदलल्या. दोन मणके, गुडघा, खांदा, मनगट, बाकीचे, आणि यादी जिथे संपायला हवी तिथे संपली. डॉक्टरबाई हो म्हणाल्या. म्हणजे काम कंपनीला मिळालं. फंक्शन मूळ माझंच आहे.

१५ ऑक्टोबर

साहेबांनी बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं, उत्तरं तयार होती. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, तो मसुदा पाहिला, म्हणजे नाव पाहिलं. पाठवायचा असेल तर आज पाठव, मी अडवणार नाही. नसेल तर उगाच ठेवू नकोस. भाषणांबद्दल काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

घराचे हप्ते, पोरीचं कॉलेज, माझं वय. मसुदा खोडला. भिंग लीड.

घरी सांगितलं, लीडपद पुढे ढकललं. बायकोने विचारलं, कोणाकडे? मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला रडू आलं. थोडंच.

२६ ऑक्टोबर, सोमवार

भिंग चांगली वागते. हेच अवघड आहे. मला काम विचारून देते. मी केलेलं आधीपेक्षा जास्त बारकाईने तपासते, पण ते कुणाला दिसणार नाही असं. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.

ऑफिसात एक नवा शब्द रुजला आहे. न बघता, नुसतं मोजून काही टाकून दिलं की म्हणतात, ‘काका केलास.’ परवा साहेबही कुणाला तरी म्हणाले, पाठवण्याआधी बघ, काका करू नकोस. आधी राग आला. मग विचार केला, या धंद्यात किती जणांचं नाव मागे उरतं? लीड येतात आणि जातात, शब्द राहतो. एका अर्थाने मी भिंगच्याही पुढे गेलो.

२८ ऑक्टोबर, बुधवार

आज एक नवीन बाई रुजू झाल्या, प्रोग्रामर, माझ्याच वयाच्या. जेवणाच्या वेळी जागा नव्हती म्हणून माझ्या टेबलाशी आल्या. सकाळपासून सगळ्यांकडून ‘काका करणं’ ऐकत होत्या, हसत होत्या. मला विचारलं, हे काका म्हणजे खरंच कोणी होते का? आता कुठे असतात?

मी म्हटलं, गेले सोडून.

त्या म्हणाल्या, अरेरे, बिचारे. मग त्यांनी डबा उघडला आणि विचारलं, तुम्ही काय करता इथे?