सगळ्यांच्या आधी आलेलं, सगळ्यांत उशिरा सुरू होणारं यंत्र

वडीलधारे दाजी यांना धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कुरकुर न करता जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. ताईची तब्येत पत्रातून विचारत नाही, कारण विचारली की ती फोन करून तासभर सांगते, आणि त्यातली निम्मी तब्येत तुमचीच असते. इकडे सगळे सुखरूप. धाकटीची परीक्षा संपली, हिची कंबर सोडली तर घरात कुणाचीच तक्रार नाही.

तुम्ही तुमच्या कंपनीचं गोदाम सांभाळता आणि मी आमच्या कंपनीचं तपासणीचं टेबल. दोन्ही कंपन्या टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र करतात, त्यामुळे गेली दोन वर्षं आपण एकमेकांशी फक्त हवापाण्याबद्दल बोलतो. (त्यात एक फायदा झाला, तुमच्याकडच्या ढगांची मला इत्थंभूत माहिती आहे.) पण आमचं यंत्र आता दुकानात मांडलेलं आहे, तेव्हा आमच्या बाजूचं लिहायला हरकत नसावी.

आमच्या साहेबांनी एके दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलं की काहीही झालं तरी आपण समोरच्यांच्या आधी बाजारात उतरायचं. समोरचे म्हणजे तुम्ही, राग मानू नका. आमच्या इंजिनियर बाई (वय सव्वीस, पण बाई म्हटलं की काम चोख होतं) उठून म्हणाल्या की बटण दाबल्यावर यंत्र सुरू व्हायला चार मिनिटं लागतात, ते सुधारायला मला दीड महिना द्या. साहेब म्हणाले, पहिल्या येणाऱ्याला सगळं माफ असतं. मी यावर बराच विचार केला. माझा अनुभव असा की समारंभाला पहिल्या येणाऱ्याला खुर्च्या मांडाव्या लागतात. पण मी गप्प बसलो आणि खुर्च्या माझ्याच वाट्याला आल्या. यंत्रासोबतची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांनी महिना मागितला, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं, कारण नापास यंत्रांवर मी ज्या चिठ्ठ्या लावतो त्यांचं अक्षर सगळ्यांना लागतं.

आता तुम्हीच सांगा, गावच्या शाळेत शिकलेल्या माणसाने लिहायचं कसं? जोडणी लिहिली, बटणं लिहिली आणि त्या चार मिनिटांशी येऊन अडलो. खोटं लिहिणं जमेना. लपवावं, तर लोक बटण पुन्हा पुन्हा दाबून यंत्राचा जीव घेतील. आमचे गुरुजी वर्ग सुरू करण्याआधी सगळ्यांना गप्प बसवायचे, ते आठवलं आणि देवाचं नाव घेऊन लिहून टाकलं: "बटण दाबल्यावर यंत्र चार मिनिटांनी सुरू होते. तोवर पाठ ताठ ठेवून शांत बसावे. आज कुणाला वेडेवाकडे बोललो का, ते आठवावे. बोललो असल्यास जाऊन तसे सांगून यावे. वेळ पुरतो." ते कुणी वाचलं नाही. इतकी घाई होती की साहेबांनी पुस्तिकेवर सही केली ती माल भरायला आलेल्या ट्रकला टेकून.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ती वाचली. मला बोलावलं, पान पुढे सरकवलं आणि शांतपणे विचारलं, "हे यंत्र आहे की प्रायश्चित्त?" मी म्हटलं, साहेब, सूचना आहे. मग त्यांनी मनातलं सांगितलं. तपासणीसाठी आपोआप चालणारं मशीन घ्यायचं त्यांच्या डोक्यात आहे. समोरच्यांचं यंत्र येईपर्यंत आपली वीस हजार खोकी विकली गेली, तर तपासणीचं टेबल राहील. "नाहीतर तुमची अकरा माणसं आणि तुम्ही, पाठ ताठ ठेवून घरी बसा." दाजी, त्या अकरांत एक डावखुरी बाई आहे. ती खोकं नुसतं कानाशी हलवून सैल स्क्रू सांगते, आणि तिच्या एकटीच्या पगारावर पाच जणांचं घर चालतं. त्या दिवशी टेबलावर परत जाऊन मी कुणाला काही सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलंच. माझा चेहरा लिफाफ्यासारखा बंद राहत नाही.

पहिला आठवडा आम्ही फोन वाजला की दचकायचो. मग एका दुकानदारीणबाईंचा फोन आला. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, गिऱ्हाइकं 'ते चार मिनिटंवालं' द्या म्हणून मागतायत, अजून शंभर पाठवा. एका आईने पत्र लिहिलं की थोरल्याने दुसऱ्या मिनिटाला उठून स्वयंपाकघरात येऊन फुटलेल्या बरणीची कबुली दिली आणि चौथ्या मिनिटाला परत जाऊन बसला. एक आजोबा तर खेळतच नाहीत. यंत्र लावतात, चार मिनिटं बसतात, बंद करतात.

तेव्हा मला आधी येण्याचा खरा फायदा कळला. असं यंत्र कसं असायला हवं, हे अजून कुणालाच माहीत नसतं. दहा सेकंदांत सुरू होणारं एखादं आमच्या आधी आलं असतं, तर आमच्या यंत्राला लोक बिघडलेलं म्हणाले असते. घरात थोरला घोरतो ती त्याची सवय, धाकटा घोरला की त्रास, तसंच हे. (मी धाकटा आहे, अनुभवाचं बोलतो.)

मधल्या काळात इंजिनियर बाईंनी दीड महिन्याचं काम महिन्यात उरकलं. यंत्र नऊ सेकंदांत सुरू व्हायला लागलं. त्या हसत हसत साहेबांकडे गेल्या, तर साहेब घाबरले. म्हणाले, हे सध्या कपाटात ठेवा. दोन दिवस बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन जरा वेळ नुसत्या बसल्या आणि म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला फार वाईट बोलले." मी म्हटलं, तुम्ही तर काहीच बोलला नाहीत. म्हणाल्या, "मनात बोलले होते." मग त्यांनीच चहा मागवला.

काल संध्याकाळपर्यंत सोळा हजार खोकी विकली गेली. रोज पाचशे जातात. प्रत्येक खोक्याला हात जोडूनच मी ते पुढे सरकवतो. देवाला आता नंबर पाठ झाले असतील. टेबलावर सगळ्यांना वाटतंय की जमेल. मलाही वाटतंय.

पत्र लांबलं, मोठ्या मनाने सांभाळून घ्या. ताईला नमस्कार.

तुमचा मेव्हणा

ता. क. तुमचं यंत्र दुकानात गेलं की तुम्हाला रजा मिळणार आणि तुम्ही दोघं लगेच इकडे येणार, असं ताई म्हणाली होती. यंत्राची तारीख मी विचारत नाही. ते विचारणं पाप आणि सांगणं त्याहून मोठं. फक्त तुम्ही कधी येणार तेवढं कळवा. खोलीला रंग द्यायचा आहे.

आणखी ता. क. वरचं पुन्हा वाचलं आणि कान गरम झाले. खोलीला रंग मागच्याच महिन्यात दिला. मी विचारलंच नाही असं समजा आणि काहीही कळवू नका.

ताई, पाकीट तूच आधी फोडतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून हे तुला. तिकडची खोकी दाजींच्या चावीशिवाय गोदामाबाहेर पडत नाहीत, आणि दाजींची चावी कुठे असते हे त्यांच्यापेक्षा तुला जास्त माहीत असतं. मी काही सुचवत नाही. तू कधीही ये, घर तुझंच आहे. फक्त आठ दिवस थांबून आलीस, तर अकराही जण तुला घ्यायला स्टेशनवर येतील.