नळी पास

प्रिय ताई,

दाजींचा निरोप मिळाला. तू धड जेवत नाहीस, अण्णांच्या खोलीचं दार लावून बसतेस आणि कुणी विचारलं की एकच म्हणतेस, मीच त्यांना मारलं. आदल्या संध्याकाळी तू त्यांच्या हातातलं सिगारेटचं पाकीट हिसकावलंस, "मरा मग त्या धुरात" म्हणालीस, आणि सकाळी दाढी करता करता ते बेसिनपाशीच कोसळले. फोनवर हा विषय निघाला की तू रडतेस आणि मी फोन ठेवून देतो, म्हणून लिहितोय. सातवीत शाळेला रामराम ठोकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

पाच ठिकाणी उड्या मारून मी शेवटी बापाच्याच, अण्णांच्याच कामाला लागलो, हे तुला ठाऊक आहे. बॉयलरच्या नळ्या साफ करायच्या. आतली खपली ब्रशनं खरवडायची, मग वरच्या तोंडातून पोलादी गोटी सोडायची. ती खणकन खालच्या बादलीत पडली की मुकादम ओरडतो, "नळी पास". अडकली तर परत खरवड. अण्णांनी तीस वर्षं हेच केलं. आपल्याला माणसांपेक्षा नळ्या जास्त कळतात, असं ते म्हणायचे; आणि तू म्हणायचीस, म्हणून तर माणसांशी तुमचं पटत नाही.

परवा मी कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. भांडणानं माणूस असा जातो का, विचारलं. त्या म्हणाल्या, एका संध्याकाळचं हे काम नाही, याला वर्षं लागतात. कागदावर काढून दाखवलं. रक्तातले कोलेस्टेरॉलचे बारीक कण धमनीच्या भिंतीत शिरतात, अडकून पडतात आणि जुनं तेल व्हावं तसे खवट होतात. सिगारेटनं जास्तच. त्यांना खायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथंच मरतात. भिंतीच्या आत असा लगदा साठत जातो, त्यावर नुसता पातळ पापुद्रा. नळी बऱ्याचदा मोकळीच असते, रक्त वाहतच असतं. एक दिवस पापुद्रा फाटतो, तिथं रक्ताची गाठ बसते आणि संपलं. मी विचारलं, म्हणजे गोटी आरपार गेली असती? बाईंना कळेना. समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, हो, जाईल की. त्यांनी पाणी पुढं केलं, ते मला घेता आलं नाही. तेव्हापासून कामावर गोटी खाली पडली तरी मी नळीत डोकावून बघत राहतो. मुकादम म्हणतो, सासरी निघालेल्या नवरीसारखं तोंड का केलंयस? मी हसतो. दुसरं काय करू?

आता खरं लिहितो. तू त्यांच्या अँजिओग्राफीची तारीख घेतली होतीस, तेव्हा अण्णांनी मला फोन केला. "भिंगरी, तुझी ताई मला चिरून बघायला निघालीय." मी म्हटलं, जिना चढून दाखवा. फोन कानाला लावून ते तीन मजले चढले, मी इकडं पायऱ्या मोजल्या. वर पोचले तेव्हा साधी धापही नव्हती. मी म्हटलं, अण्णा, नळी पास, नका जाऊ. त्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी अंग दुखतंय ना, त्याही सोडा. आणि ताईनं विचारलं तर सांगा, डॉक्टर बाहेरगावी गेलेत, तारीख पुढं गेलीय. ते वाक्य माझं होतं. त्यांना खोटं जमेना म्हणून मी दोनदा म्हणवून घेतलं. त्यानंतर ते एकोणीस दिवस जगले. ते गेल्यावर सुट्टी मिळाली नाही म्हणून आलो नाही, हेही खोटं. सुट्टी होती, तिकीट खिशात होतं, स्टेशनच्या बाकावरून मला उठवेना. बाई म्हणाल्या, गोळ्यांनी कित्येकांचा तो पापुद्रा टिकतो. त्या कित्येकांत अण्णा असते का, हे आता कुणीच सांगू शकत नाही, आणि मला दुसरं काही सुचत नाही. माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. पण त्यांना तुझा शब्द लागला नाही, ताई, माझा लागला. हे पत्र दाजींना दाखव, मला काय बोलायचं ते बोल, आणि ताटावर बस.

तुझाच, आता कुठंही जाऊ न शकणारा
भिंगरी