आठ रात्रींची पैज

२० जानेवारी, सोमवार

आले एकदाची! रिक्षावाला म्हणाला, "आजी, एवढी मोठी बॅग, कुठल्या गावाहून?" म्हटलं, गंगापूर रोडवरून. बिचारा मागे वळून बॅगेकडेच बघायला लागला.

स्वतःचा फ्लॅट सोडून त्याच शहरात भाड्याने राहायला निघालेली बाई त्याने पाहिली नसेल. पण पैज म्हणजे पैज! मयुरेशचं वर्षभर एकच पालुपद – "आई, फ्लॅट बंद कर, माझ्याकडे बंगळूरला ये. तू आयुष्यात एक रात्र तरी एकटी राहिली आहेस का?" स्वरदाशी घटस्फोट झाल्यापासून हा स्वतः तिकडे एकटा, आणि शहाणपण मला शिकवतो! पण खरं सांगायचं तर – नाही राहिले. माहेरी बहिणी, सासरी सासूबाई, मग हे. सव्वा वर्षापूर्वी हे गेले, तेव्हापासून वन्सं रोज झोपायला येतात आणि घोरतात. मी कचेरीत भल्याभल्या साहेबांना सरळ केलं, पण रात्री एकटी म्हणून झोपले नाही.

तर ठरलं – आठ रात्री. आमच्या घरी नाही, कारण तिथे मी नुसती शिंकले तरी चार शेजारणी धावतात. अनोळखी जागा. सोबत नाही, कुणाच्या हातचं जेवण नाही. जिंकले तर बंगळूरचा विषय कायमचा बंद. हरले तर मुकाट्याने विमानात.

जागा मात्र झकास निवडली आहे! जुन्या नाशकातलं दगडी घर, दिंडीदरवाजातून वाकून आत शिरायचं. वरचा मजला माझा. कोरीव खांब, आणि खांबाला खेटून मायक्रोवेव्ह! घरची सून उत्तरा हे सगळं चालवते. किल्ली देताना म्हणाली, "काकू, काही लागलं तर हाक मारा हं."

अजिबात मारणार नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

डोळ्याला डोळा नाही. जुनं लाकूड थंडीत कुरकुरतं आणि मी दर वेळी उठून बसते. दाराला कडी, कडीवर खुर्ची, खुर्चीवर बॅग!

भात टाकला तो चौघांचा झाला. हाताला एका माणसाचं माप माहीतच नाही. दुपारी भात, रात्री फोडणीचा भात. उद्याही भातच दिसतोय.

संध्याकाळी मयुरेशचा फोन. घाबरलीस का, असं काहीच नाही. विचारतो काय, तर "जेवताना टीव्ही लावतेस का?" म्हटलं, नाही. तर म्हणे, "मग बघतेस कुठे?" हे काय विचारणं झालं? परीक्षा घेतोय माझी. म्हटलं, भाताकडे!

२२ जानेवारी, बुधवार

संकट आलं ते पुरणपोळीच्या रूपाने! उत्तराचे सासरे, बाळाजीगुरुजी, स्वतः ताट घेऊन जिना चढून आले. घराणं तीर्थोपाध्यांचं. पूर्वी लांबलांबचे यजमान इथेच उतरायचे, इथेच जेवायचे. पाहुणी वर एकटी शेगडी पेटवते हे त्यांना बघवेना. "वहिनी, आमच्या घरी उतरलेलं माणूस हाताने करून खात नाही."

वर तूप. शेजारी कटाची आमटी. आणि माझ्या पातेल्यात कालचा भात.

हात जोडले. म्हटलं, गुरुजी, सध्या दुसऱ्याच्या हातचं चालत नाही. त्यांनी एकदम गंभीर चेहरा केला, मान डोलावली आणि ताट परत नेलं. माझ्यासारखी निर्धाराची बाई अख्ख्या नाशकात नसेल!

२३ जानेवारी, गुरुवार

हसून हसून पोट दुखतंय!

सकाळी दारावर थाप. गुरुजी सोवळ्यात, हातात दर्भ. "वहिनी, स्नान झालं ना? रामकुंडावर सगळी तयारी ठेवली आहे. गोत्र तेवढं सांगा."

म्हटलं, कसली तयारी?

"श्राद्धाची! परान्न वर्ज्य म्हणून काल तुम्ही ताट परत केलंत, तेव्हाच ओळखलं मी. एकट्या आलात, यजमान वारलेले... मुलगा आला नाही तर नाही, आपण संकल्प सोडू."

म्हटलं, अहो गुरुजी, ह्यांचं वर्षश्राद्ध झालं मागेच! मी मुलाशी पैज लावून आले आहे! सगळं ऐकल्यावर ते जिन्यातच बसले आणि खो खो हसत सुटले. "उत्तरा, अगं ऐकलंस का? ह्या जिंकायला आल्यात!" खाली उत्तरा डोक्याला हात लावून उभी. "बाबा, आधी विचारत जा हो!" मग जाताना गुरुजींनी तिला बजावलं, "पुरण झाकून ठेव. वास वर जाता कामा नये."

माझ्या बाजूने एक माणूस झालं!

२४ जानेवारी, शुक्रवार

एका माणसाचा भात जमला! लहान वाटी, सपाट. शीतसुद्धा उरलं नाही. आणि रात्री खुर्ची लावली नव्हती.

२६ जानेवारी, रविवार

काल खालची सगळी मंडळी बारशाला चांदवडला गेली, मुक्कामी. अख्ख्या दगडी घरात मी एकटी. आणि दिवेलागणीलाच वीज गेली. गल्लीत सगळीकडे उजेड, अंधार फक्त माझ्याकडे!

फोन हातात घेतला होता. उत्तराचा नंबर लावायचा तेवढा बाकी होता. मग ठेवून दिला. ह्यांच्या हयातीत मी फ्यूजच्या डब्याला कधी हात लावला नाही, "तू लांब हो" म्हणायचे. काल स्टुलावर चढले, मोबाइलची बॅटरी लावून हनुवटीखाली दाबून धरली, आणि एक बटण खाली पडलेलं दिसलं. वर ढकललं – लख्ख! मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

मयुरेशला ऐटीत सांगितलं. तो म्हणाला, "आणि दिवा लागायच्या आधी, आई? तेव्हा काय केलंस?" म्हटलं, घाबरले होते. म्हणाला, "तरी कुणाला हाक मारली नाहीस?"

२७ जानेवारी, सोमवार

शेवटची रात्र. आज ह्यांच्या आठवणीने रडले. कुणी पाणी आणलं नाही, कुणी "उगी उगी" म्हटलं नाही. मनसोक्त रडले आणि मग आलं घालून चहा केला. एक कप. बरोब्बर एक.

वन्संना सांगायचं आहे, आता आपापल्या घरी झोपा.

२८ जानेवारी, मंगळवार

जिंकले! जिंकले! जिंकले!

गुरुजींनी खालून शंख वाजवला! पैज संपली म्हणून पुरणपोळ्या चापल्या, तीन. मयुरेशला फोन लावला. "मान्य आई, हरलो मी. विषय बंद." मी उड्या मारायच्या बेतात होते, तर म्हणाला, "पण पहिल्या दोन रात्री कशा काढल्यास, ते नीट सांग ना." आता कशाला हवं तुला, म्हटलं. तर म्हणाला, "दोन वर्षं झाली, मला अजून जमत नाही गं. टीव्ही लावल्याशिवाय घास उतरत नाही. रात्री सोफ्यावरच झोपतो. तुला बोलवत होतो ते तुझ्यासाठी नव्हतं."

आणि मी त्याला "भाताकडे!" म्हणून उडवून लावलं होतं.

२९ जानेवारी, बुधवार

उत्तराकडून वरचा मजला आणखी आठ रात्रींसाठी घेतला, मयुरेशच्या नावाने. तो संध्याकाळी येतोय. मी घरी निघाले. गुरुजींना सांगून ठेवलंय, ताट पाठवायचं नाही. तांदळाच्या डब्यात लहान वाटी ठेवली आहे.