बाबांशेजारची जागा

वर्धा, १९ जानेवारी २०२५

ती. मोहिनीताईस,
अंकुशचा सा. सलाम. वि. वि.

मी फोनवर चिडतो आणि मधेच ठेवून देतो, अशी तुझी तक्रार. म्हणून पत्र लिहितो आहे. आईचं दुखणं वाढलं आहे. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, आई बोलते. तिचा एकच धोशा : मले तुह्या बाबाच्या बाजूलेच ठेवजो.

अडचण तुला ठाऊक आहे. बाबांची कबर मिशन चर्चच्या कबरस्तानात, आणि ते गेल्यापासून आई मिशन चर्च सोडून प्रार्थना-मंडळीत जाते. मिशन चर्चचे पंच योगेंद्रकाका म्हणतात, सभासद नसलेल्याला जागा नाही. म्हणून मी ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना-सप्ताहाची वाट पाहत होतो. सगळ्यांनी एकत्र गुडघे टेकले की काकांचं मन वळेल, असं वाटलं.

काल पहिला दिवस. मीच तिन्हीकडे निरोप दिला होता : संध्याकाळी सहाला, एकत्र. मिशन चर्चवाले आपल्या चर्चमध्ये खुर्च्या मांडून बसले. कॅथलिक फादर आपल्या दारात स्वागताला उभे. आईच्या मंडळीने चहा ठेवलेला. मी सायकलने सगळीकडे फिरलो. प्रत्येकाचं म्हणणं एकच, आम्ही यजमान, त्यांनी यावं. शेवटी तिघांनी ऐक्यासाठी वेगवेगळी प्रार्थना केली आणि आपापल्या घरी गेले.

काय करू ते कळव.

तुझा,
अंकुश

चंद्रपूर, २२ जानेवारी २०२५

चि. अंकुशला,
अनेक आशीर्वाद.

निरोपातले ऱ्हस्व-दीर्घ तू तीनदा तपासले असशील, आणि कुठे जमायचं तेच लिहायचं राहिलं. अकरावीतच शिक्षण सोडलंस तरी मास्तरकी सुटली नाही तुझी.

आता ऐक. कुणाच्याच चर्चमध्ये नको. आपल्या अंगणात, आईच्या खाटेभोवती जमव. आजाऱ्याच्या घरी येताना कोणी मानपान पाहत नाही. आणि आईला समजाव, मिशन चर्चमध्ये पुन्हा नाव लाव म्हणावं. एवढ्यानं प्रश्न मिटतो. मला वॉर्डातल्या ड्युटीतून रजा मिळाली की जामच्या फाट्यावर गाडी बदलून येतेच.

तू जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती काही टपालाने कमी-जास्त होत नाही.

तुझी,
ताई

वर्धा, २६ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. सलाम.

नाव लावायला आईने साफ नकार दिला. म्हणाली, तुहा बाबा गेला तवा माहा हात धरून बसले ते मंडळीचे लोक. मेल्यावरच्या जागेसाठी जितेपणी त्याहिले सोडू काऊन?

काल मात्र सगळे आले. काकासुद्धा. प्रभूच्या प्रार्थनेत कॅथलिक लोक आधी थांबले, त्यांच्यात शेवटची ओळ म्हणत नाहीत, बाकीचे पुढे म्हणत राहिले, मग सगळेच ओशाळले. फादरांनी विचारलं, कोणासाठी काही मागायचं आहे का. आईने खाटेवरूनच सांगितलं, मले माह्या नवऱ्याच्या बाजूले जागा भेटो. सगळे आमेन म्हणाले. काकांचा आवाज सर्वांत मोठा.

मी फाटकापाशी त्यांना गाठलं आणि विचारलं, मग झालं ना? ते म्हणाले, बाबू, आमेन प्रार्थनेले म्हटलं, परवानगीले नाई.

फादर चपला घालत होते, त्यांनी ऐकलं. मिशन आणि कॅथलिक कबरस्तानांच्या मधे एकच भिंत आहे आणि बाबांची कबर तिला लागून आहे. फादर म्हणाले, आमच्या बाजूला तिथेच जागा रिकामी आहे, आईंना चालेल का? आई कितीतरी दिवसांनी हसली. म्हणे, तो इतका घोरे का मी भिंतीपल्याडच झोपो. तिने लगेच हो म्हटलं.

मला ते सहन होत नाही, ताई. आठवडाभर ऐक्य मागितलं आणि हाती भिंत आली.

आज उपासनेनंतर काकांनी आईची चौकशी केली. मी सांगितलं, तिला जागा मिळाली, भिंतीपलीकडे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पाह्यलं ना, देवानं आपली प्रार्थना ऐकली.

तू लवकर ये, आणि माझ्या रागासकट माझ्यावर लोभ ठेव.

तुझा,
अंकुश