औषधाची वाटी

चामराजपेट, बेंगळुरू

तीर्थरूप आईस,

लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते. फोनवर बोलताना हे समोरच बसलेले असतात, म्हणून पत्र लिहितेय.

आम्ही सगळे बरे आहोत. चिकपेटच्या दुकानात मालकाने यांचा पगार निम्मा केलाय, पण काम टिकलंय हे काय कमी आहे?

तुझ्यासारखाच मीही मसाल्याचा जुना डबा घरखर्चाला ठेवलाय. पगार आला की भाडं, गॅस, किराणा, भव्याची फी, औषध, सगळ्यांची वाटी वेगळी. एका वाटीतलं दुसरीत घ्यायचं नाही, हा तुझा नियम अजून मोडलेला नाही. परवा यांनी भाड्याच्या वाटीत हात घातला, तर मी असा आवाज चढवला की शेजारच्या यल्लव्वा अक्का धावत दारात आल्या!

औषधाची वाटी तेवढी लवकर रिकामी होते. म्हणून मी शुगरची गोळी एक दिवसाआड घेते. काळजी करू नकोस, गोड तरी कुठे आणतोय आम्ही!

भव्या फार शहाणी झालीय. तांदूळ तीच निवडते, सुईत दोराही तीच ओवून देते.

बाबांचा खोकला कसा आहे? तू गुडघ्यांना तेल लावतेस ना?

एक विचारायचं होतं. फारच अडलं, तर एका वाटीतलं दुसरीत घेतलेलं चालेल का गं? लवकर कळव.

आणि आई, अक्षर जरा मोठं काढ.

तुझीच,
रंजिता