पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं

३ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण एवढं मोठं काम हातात आल्यावर नोंद असलेली बरी.

काम असं: एका शहरातून दुसऱ्या शहरात धावणाऱ्या टॅक्सींमधली जागा फोनवरून बुक करायची साईट. प्रवासी जागा मागतो, ती रिक्वेस्ट आमच्या सर्व्हरकडे येते, सर्व्हरनं उत्तर द्यायचं. रिक्वेस्ट आत कशी घ्यायची, कुठल्या फंक्शननं काय करायचं, हा सगळा इंटरफेस मी ठरवणार. मालक एर्मेक माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, पण समजूतदार. म्हणाला, नोरूझच्या आधी पाहिजे, बैके. ऑफिसात सगळे मला बैकेच म्हणतात. थोरला भाऊ. अनुभवाचा मान असतो.

नोरूझ, आमचा वसंतातला नववर्षाचा सण, २१ मार्चला. सहा आठवडे. मला दोन पुरेत.

जिल्दिझला फोन केला. नोव्हेंबरपासून माझी बायको काराकोलला तिच्या आईकडे आहे, मुलीला घेऊन. भांडण वगैरे नाही, हवापालट. तिला सांगितलं, सणाला तू माझ्या साईटवरून बुक केलेल्या गाडीनं बिश्केकला घरी येशील.  ती म्हणाली, "एक तरी गोष्ट तू तडीला नेलेली मला बघू दे, कुबात. मी त्याच गाडीत बसते."

म्हणजे येतेय.

५ फेब्रुवारी
आइपेरीनं डोकं खाल्लं. वय चोवीस, टेबल माझ्या शेजारी. म्हणे तयार फ्रेमवर्क, म्हणजे सर्व्हरचा आयता सांगाडा, फुकट मिळतं, जग वापरतं, एका दुपारीत काम होईल. तिला शांतपणे समजावलं. त्या तयार गोष्टींना रीतभात नाही. रिक्वेस्ट दारात आली की आधी कोण तू, काय काम, आणि नाही पटलं तर तोंडावर नकार. आपल्या घरी असं करतो का आपण? आधी या, बसा, चहा घ्या. काम नंतर.

म्हणाली, "बैके, ती रिक्वेस्ट आहे. माणूस नाही."

हुशार आहे पोरगी, पण दृष्टी नाही.

१४ फेब्रुवारी
नावं पक्की झाली. नऊ दिवस गेले, पण नावं जन्माची असतात. रिक्वेस्टचं नाव पाहुणा. फंक्शन तीन: या, बसा, चहा. निरोप द्यायचं चौथं लागेल, ते सवडीनं. कोड अजून नाही. कोड काय, कुणीही लिहितो.

निश्चय: उद्यापासून सहाला उठणार.

१५ फेब्रुवारी, ११.४०
उठलो.

२६ फेब्रुवारी
काकूकडे जेवायला गेलो आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काकू चहा अर्धीच वाटी ओतते, आमच्याकडे सगळेच ओततात. काठोकाठ भरली तर पाहुण्यानं समजायचं, आता उठा. मग सर्व्हरनं अख्खं उत्तर एकदम फेकायचं, हा काय उद्धटपणा? अर्धं द्यायचं. पाहुण्यानं वाटी पुढे केली की उरलेलं. तोवर बसून राहा, घर तुमचंच आहे.

असं जगात कुणी केलेलं नसणार. काकूला सांगितलं. तिनं अजून थोडा पुलाव वाढला.

५ मार्च
आइपेरी विचारते, गाडीत जागाच नसेल तर? "नाही" म्हणायचं फंक्शन कुठे आहे? म्हटलं, पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. बसवून ठेवायचं, होईल जागा. किती वेळ बसवायचं? म्हटलं, हे पाहुण्याला विचारत नाहीत. तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. हळूहळू पटतंय तिला.

११ मार्च
पहिली चाचणी. पाहुणा एकच, मी. मस्त बसलो. एर्मेक विचारत होता, पान अर्धंच का दिसतंय. त्याला रीत समजावली. त्यानं कपाळ चोळलं. थकलाय बिचारा, सण जवळ आला की सगळ्यांचंच होतं. माहितीपुस्तिका त्रेचाळीस पानांची झाली. कोड त्यामानानं आटोपशीर.

जिल्दिझला सांगितलं, तयारच आहे, किरकोळ उरलंय. म्हणाली, मुलीनं आत्ताच बॅग भरून ठेवलीय, रोज उघडून बघते. फोन ठेवल्यावर माहितीपुस्तिकेची पानं पुन्हा मोजली. त्रेचाळीसच.

१९ मार्च, सकाळी ८.००
साईट सुरू.

८.२०
दोनशे पाहुणे. एकालाही परत पाठवलेलं नाही.

९.०५
अकराशे. सगळे बसलेत. उठत कुणीच नाही. यालाच म्हणतात आदरातिथ्य.

९.३०
मशीन भरलं. नवीन पाहुण्याला दारही उघडत नाही. आइपेरी म्हणते, वाटी पुढे करायची असते हे ब्राउझरला कुठे ठाऊक आहे? हे मला आधी कुणी सांगितलं नाही. मोबाईल बंद ठेवून बसलो. कुणाकुणाला उत्तर देणार?

११.१५
मोबाईल लावला. लगेच जिल्दिझचा फोन. काराकोलच्या टॅक्सी अड्ड्यावरून. तिनं ८.०४ ला जागा मागितली होती. स्क्रीनवर आलं, "या, जिल्दिझ. बसा. तुमची जागा". पुढे काही नाही. तीन तास दोघी बर्फाच्या चिखलात उभ्या. ड्रायव्हर विचारत होते, येता का. ती म्हणत होती, आमची जागा ठरलीय. त्या गाड्या भरून गेल्या. आता आज एकही गाडी नाही, उद्याच्याही भरल्या.

मी तिला सांगितलं, तुझा पाहुणा यादीत चौथा आहे, म्हणजे अगदी मानाच्या जागी. तिनं सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"जागा नाही असं लिहिलं असतंस तरी चाललं असतं, कुबात. मी दुसरी गाडी धरली असती."

मग म्हणाली, पोरीचे पाय भिजलेत, घरी जाते. घरी म्हणजे आईकडे.

संध्याकाळी ७.००
एर्मेकनं दुपारी चारला सर्व्हर बंद करायला लावला. सगळे पाहुणे एका फटक्यात बाहेर. आइपेरीनं तयार फ्रेमवर्क लावलं. सहापर्यंत चालू झालं. एका दुपारीत, तिनं म्हटलं होतं तसं. मी तांत्रिक मार्गदर्शन केलं. म्हणजे खुर्ची दिली.

२० मार्च
एर्मेक स्वतः उठून माझ्या टेबलाशी आला. अदबीनं म्हणाला, बैके, आता तुम्ही आइपेरीच्या हाताखाली माहितीपुस्तिका बघा. ओरडला असता तर भांडलो असतो. मान देऊन बोलणाऱ्याशी काय भांडणार? कोपऱ्यातलं टेबल मिळालंय. उजेड चांगला आहे तिथे.

जिल्दिझ फोन उचलत नाही.

२१ मार्च
नोरूझ. घरी एकटा. काकूनं बोलावलं होतं, नाही गेलो. तीन माणसांचं जेवण केलं होतं, सवयीनं. रडू आलं. हे लिहायला नको होतं, पण आलं.

२२ मार्च
ठरवलं, मीच जातो. आइपेरीच्या साईटवर काराकोलची जागा मागितली. क्षणात उत्तर. जागा क्रमांक दोन, सकाळी नऊ, ड्रायव्हरचा नंबर. काही कलाकुसर नाही त्यात, पण ठीक आहे.

मग जिल्दिझला फोन केला. या वेळी उचलला. सांगितलं, उद्या येतोय.

"येऊ नकोस," ती म्हणाली. "मी वाट बघत नाहीये. स्पष्ट सांगतेय, म्हणजे तुला ताटकळायला नको."

मी बरं म्हटलं. 

तिकीट रद्द केलं. आइपेरीनं त्यालाही बटण ठेवलंय. एक सेकंदही लागला नाही.